जुन्या मालमोटारीची उंची : पाटे की हवा?

जुन्या मालमोटारीची उंची कमी करण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत. मूळ पाट्यांच्या रचनेत फेरफार करून गाडी कायमची खाली बसविणे, हा पहिला. पाटे काढून त्यांच्या जागी हवेचे रबरी फुगे बसविणे आणि उंची हवी तशी कमीजास्त करणे, हा दुसरा. या निवडीची चर्चा बहुधा गाडीच्या रूपाच्या अंगाने होते. वस्तुतः पाटा कोणकोणती कामे करतो, या प्रश्नाच्या उत्तरावरच तिचा निर्णय अवलंबून आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करणे युक्त होईल. ‘सस्पेन्शन’ला ‘निलंबन’ असा पर्याय दिला जातो. परंतु हा शब्द नोकरीतील कारवाईच्या अर्थाने इतका रूढ आहे की, गाडीच्या संदर्भात तो ऐकणाऱ्यास चमत्कारिक वाटावा. कारागिरांच्या बोलीत ‘पाटा’ आणि ‘कमान’ हे शब्द आहेत. ‘पाटा’ घटकाची घडण सांगतो, ‘कमान’ त्याचा आकार सांगते, ‘निलंबन’ भार तोलून धरण्याची क्रिया सुचविते. पाट्याचे दुसरे कार्य मात्र यांपैकी एकाही शब्दात आलेले नाही, आणि गैरसमजाचे मूळ येथेच आहे.

ते कार्य म्हणजे आस जागेवर धरून ठेवणे. पाट्याचे पुढील टोक चासीला जखडलेले असते, मागील टोक हलत्या शॅकलमध्ये असते आणि मध्यभागी यू-बोल्टांनी आस बांधलेला असतो. ब्रेक लावताना किंवा गाडी ओढताना निर्माण होणारे बल पाट्यांतूनच चासीकडे जाते. हवेचा फुगा भार उचलतो, पण आसाला पुढेमागे वा आडवे सरकण्यापासून रोखू शकत नाही. सबब पाटे काढल्यास आस धरण्यासाठी लोखंडी दांड्या लागतात व त्यांचे आधार चासीवर बसवावे लागतात. शिवाय कॉम्प्रेसर, हवेची टाकी, झडपा आणि नळ्या येतात. एखाद्या सांध्यातून हवा गळू लागली की गाडी खाली बसते.

स्थिर पद्धत तुलनेने साधी आहे. पाटे आसाच्या खाली असतील तेथे दोहोंमध्ये लोखंडी ठोकळा घालता येतो. ठोकळा पुढे काढताही येतो. पाटे कमी केल्यास मात्र उरलेल्यांवरील ताण वाढतो. तापवून सपाट केल्यास पोलादाला दिलेले पाणी उतरते. कोणत्याही प्रकारे, आस व चासी यांमधील अंतर घटल्याने चाकाला वर सरकण्यास जागा कमी राहते.

हवेचा खरा गुण निराळा आहे. भाराखाली 10 सेंटिमीटर दबणारी कमान सेकंदाला सुमारे 1.6 वेळा हेलकावते. 25 सेंटिमीटर दबणारी सुमारे एकदाच. साध्या पाट्यांवर रिकामी व भरलेली गाडी म्हणूनच वेगवेगळी चालते. फुग्यात भाराप्रमाणे दाब वाढविता येतो. त्यामुळे उंची व हेलकावा जवळजवळ स्थिर राहतात. 2001 साली भारतात आलेल्या व्होल्वो बसगाड्यांतील सुखकर प्रवासाचे एक कारण हेच.

वऱ्हाडात या गुणाला विशेष मोल आहे. येथील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा रस्ता हळूहळू लहरी घेतो. जून 2022 मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या टप्प्यात, एका पदराच्या हिशेबाने 75 किलोमीटर डांबरी काँक्रीट 105 तास 33 मिनिटांत सलग घातले गेले व त्याची जागतिक विक्रमात नोंद झाली. तथापि महामार्ग सोडून गावाकडे वळताच गतिरोधक लागतो. त्याचे भारतीय रस्ते परिषदेचे प्रमाण 10 सेंटिमीटर उंची व 3.7 मीटर रुंदी असे आहे. आसांमधील अंतर याहून अधिक असलेल्या गाडीचा मधला भाग जमिनीपासून 20 सेंटिमीटर असेल आणि ती 12 सेंटिमीटर खाली घेतली, तर उरलेल्या 8 सेंटिमीटरांत ती घासणारच. हवेची गाडी अशा वेळी वर उचलता येते.

म्हणून निर्णय सोपा नाही. हवा रस्ता सांभाळते, पण चासीला हात लावावयास लावते. ठोकळा चासी अबाधित ठेवतो, पण रस्त्याची जबाबदारी चालकावर टाकतो. कायद्याचाही विचार आहेच. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारास मर्यादा आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते कलम काटेकोरपणे लावले. जुलै 2021 च्या नियमांनी 50 वर्षांहून जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांस ‘व्हिंटेज’ दर्जा देताना ती मूळ स्वरूपात असावीत अशी अट घातली.

निष्कर्ष असा की, गाडी जपावयाची असेल तर उंचीस हात न लावणे हेच श्रेयस्कर. फेरफार अटळच असेल, तर परिवहन कार्यालयाची अनुमती घेऊन, पुढे काढून टाकता येईल असा व थोडाच करावा. रोज वऱ्हाडच्या रस्त्यांवर धावावयाची खाली घेतलेली गाडी असेल, तर हवेचा पक्ष बळकट आहे. मात्र आस धरण्याचे जे काम पाटा निमूटपणे करीत होता, ते आता कोण करणार, हे ठरविल्यावाचून पहिला बोल्ट सैल करू नये.