बँजो सरकेना

मागच्या पडवीत लाकूड कातायचा जो लेथ आहे, तो मी एका बंद पडलेल्या कारखान्यातून जुना घेतला. अख्खा बिडाचा. टेम्पोतून उतरवायला सहा माणसं लागली. त्यातल्या एकानं चहा पिताना विचारलं, ‘‘यावर काय, लाटणी करणार?’’ लाटणीच करणार होतो. लाटणी आणि वाडगे.

लेथचा जडपणा मला हवाच होता. फणसाचा ओबडधोबड ओंडका फिरायला लागला की हलकं यंत्र पडवीभर नाचतं. बीड ती थरथर जिरवून टाकतं. पंचाईत झाली ती बेडवर, म्हणजे लेथच्या दोन लांब रुळांवर, बसणाऱ्या दोन वस्तूंची. एक बँजो, म्हणजे हत्यार टेकवायची टूल रेस्ट ज्यावर उभी राहते ती बैठक. (गणपतीच्या मिरवणुकीतल्या बेंजोशी नातं नाही.) दुसरा टेलस्टॉक, ओंडक्याला उजवीकडून टोक लावून धरणारा. भंगारवाल्याच्या काट्यावर बँजो भरला १४ किलो आणि टेलस्टॉक ३१.

एका वाडग्यासाठी बँजो किती वेळा हलवतो, ते एकदा भिंतीवर खडूनं रेघा मारून मोजलं. ३७ वेळा! लाकूड उतरत जाईल तसं टेकण त्याच्याजवळ न्यावं लागतं, नाहीतर पुढे निघालेलं हत्याराचं टोक उसळतं. दरवेळी मोटर बंद, आवळायचा दांडा सैल, ढकला, आवळा. बँजो अडला की मी म्हणायचो, ‘राहू दे, एवढा एक हात मारून घेऊ.’ कंबर तर दुखायचीच. पण माझे दोन वाडगे फुटले ते या आळसानं.

पूर्वीचा कातारी जमिनीवर बसून एका हातानं कमान ओढायचा आणि हत्यार दुसऱ्या हातानं आणि पायाच्या बोटांनी धरायचा. त्याला असल्या कटकटी नव्हत्या. सावंतवाडीच्या लाकडी फळांना आणि खेळण्यांना आजही एवढा अवजड लेथ लागत नाही. हौस माझी, ओझंही माझंच.

वजन कमी करता येणार नव्हतं, म्हणून शेवटी ते ज्या वाटेनं सरकतं ती वाट पाहिली. वरून चकचकीत दिसणाऱ्या बेडवर नख फिरवलं तर खरखर लागली. ओल्या लाकडाचा रस आणि भुसा यांचा वाळलेला थर. बाभळीत तर टॅनिन भरपूर. तिचा रस बिडावर पडला की निळाकाळा डाग, आणि आमच्या कोकणातल्या पावसात त्यावर गंज. रंध्याचं पातं आडवं धरून तो थर खरवडला, बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रॉकेलनं घासला. बेडच्या कडांना ठोकर लागून लोखंडाच्या बारीक चिपा वर उठल्या होत्या, त्या कानशीनं मारल्या. बँजोची खालची बाजूही तशीच गुळगुळीत केली.

मग वंगण. तेल लावून पाहिलं. संध्याकाळपर्यंत भुसा बसून त्याचं पिठलं झालं. सिलिकॉनचा फवारा लाकडाला लागला तर पुढे पॉलिश नीट धरत नाही, तो लेथजवळ नकोच. उत्तर घरातच होतं. पावसात फुगलेल्या दाराला आई मेणबत्ती घासायची. बेडवर मेणबत्ती घासली, फडक्यानं चोळली, आणि बँजो सरकला. उत्साहाच्या भरात बेडच्या खालच्या बाजूलाही मेण फासलं. ती चूक. आवळायची पट्टी तिथेच पकड घेते. हत्यार टेकवताच टेकण सरकलं आणि आंब्याचा वाडगा कडेपासून तुटून खिडकीवर गेला.

त्या पट्टीनं आणखी छळलं. बेडच्या दोन रुळांमधून बोल्ट खाली जातो, त्याला ही जाड पोलादी पट्टी लटकते. दांडा सैल केला तरी ती चिकटून राहायची, नाहीतर तिरकी होऊन घासायची. बोल्टभोवती स्कूटरच्या क्लचमधली जुनी स्प्रिंग घातली, ती पट्टीला खाली ढकलते. पट्टी फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना सागाचे ठोकळे ठोकले. निम्मा त्रास तिथेच गेला.

ढकलायचं कुठून, हे मात्र कपाटाच्या खणानं शिकवलं. रुंद खण एका कोपऱ्यानं ओढला की तिरका होऊन अडतो. मी बँजोला वरच्या खांबाला धरून ढकलत होतो, त्यामुळे तो पुढे कलायचा आणि दात रोवायचा. आता तळव्यानं अगदी खाली, बेडलगत ढकलतो.

टेलस्टॉकचं दुखणं वेगळं. वाडगा आतून कोरताना त्याचं टोक कोपराला लागतं, म्हणून तो काढून ठेवावा लागतो, आणि वाकून ३१ किलो उचलणं पन्नाशीनंतर शहाणपणाचं नाही. लोखंडी अँगलची चाकांवरची गाडी केली. तिच्यावरचे दोन रूळ बेडच्या उंचीला, त्याच रेषेत. टेलस्टॉक सरळ बेडवरून गाडीवर जातो. पहिल्या दिवशी चाकांना ब्रेक लावायला विसरलो. टेलस्टॉक अर्धा इकडे, अर्धा तिकडे, आणि गाडी हळूहळू मागे. पोटानं रेटून धरली आणि हाका मारत राहिलो. आता गाडी आणि बेड जोडायला कडी आहे.

परवा जुन्या सवयीनं बँजोला खांदा लावला. तो सर्रकन जाऊन ओंडका जबड्यांत पकडणाऱ्या चकवर आदळला. चकच्या एका जबड्यावर त्याचा ओरखडा आहे.