लघुरेल्वे प्रतिकृतीतील विद्युत-जोडणी : साधनांची निवड

प्रस्तावना : पुण्यात कोथरूड येथे १९९८ मध्ये जोशी लघुरेल्वे संग्रहालय सुरू झाले. अशा प्रतिकृतींत सामान्यतः रूळच वीजवाहक असतात. औशासारख्या ठिकाणच्या महाविद्यालयासही ओहमच्या नियमाच्या अध्यापनार्थ लहान संच उभारता येईल. मात्र जोडसाधनांची निवड विचारपूर्वक व्हावी.

विवेचन : रुळांच्या सांध्यावरील पट्टी यांत्रिक आधार देते; तिचा विद्युत-संपर्क कालांतराने क्षीण होतो. म्हणून प्रत्येक रूळखंडास स्वतंत्र तार डाख देऊन जोडावी. जेथे तारा सोडवाव्या लागतात तेथे स्क्रूची जोडपट्टी वापरावी. बहुपदरी तारेच्या टोकास कथिल लावून ते स्क्रूखाली दाबू नये. कथिल दाबाने पसरते व पकड ढिली होते. त्याऐवजी टोकावर धातूची नळी दाबून बसवावी.

समजा, पुरवठा १२ व्होल्टचा असून ५ अँपिअरला खंडित होतो. सांध्यांचा एकूण रोध ३ ओहम असल्यास, घसरलेल्या डब्यामुळे लघुपथन होऊनही प्रवाह ४ अँपिअरच राहील. पुरवठा तुटणार नाही आणि सांध्यांत ४८ वॅट उष्णता निर्माण होईल.

निष्कर्ष : गाडी धावते, एवढ्यावरून जोडणी निर्दोष ठरत नाही. प्रत्येक रूळखंडावर क्षणभर नाणे आडवे ठेवून पुरवठा खंडित होतो का, हे पडताळणे हीच तिची खरी कसोटी होय.