एका गाठीतील अनेक प्रती

पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबादकडील बेला-जैनथच्या शिवारात ज्याने कपाशी पेरली, त्याला एकाच सर्व्हे नंबरात एका बांधाशी खोल काळी जमीन आणि दुसऱ्या बांधाशी मुरमाड बरड असते हे सांगावे लागत नाही. मूठभर मातीवरून सबंध शेताची प्रतवारी लावणारा मोजणीदार त्याला मान्य होणार नाही. कर्करोगाच्या अर्बुदाविषयी मात्र वैद्यकाने दीर्घकाळ हाच प्रघात पाळला, आणि सुईच्या टोकाशी आलेला तुकडा सबंध गाठीचा प्रतिनिधी मानला. लंडनच्या संशोधकांनी मूत्रपिंडाच्या अर्बुदातील निरनिराळ्या जागांचे तुकडे तपासून २०१२ साली दाखवून दिले की, त्यांतील सुमारे दोनतृतीयांश जनुकीय बदल सर्व तुकड्यांत आढळतच नाहीत.

प्रतिमा मात्र गाठ अखंड पाहते. एमआरआयच्या एका पद्धतीत पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजतात. पेशींची दाटी असते तेथे ती खुंटते. पेट स्कॅनसाठी किरणोत्सारी फ्लोरीन जोडलेली शर्करा शिरेतून देतात, आणि जो भाग शर्करा अधिक शोषतो तो उजळ दिसतो. या फ्लोरीनचे अर्धायुष्य अवघे ११० मिनिटे असल्याने ते दूरवर पाठविणे कठीण. म्हणून ते सायक्लोट्रॉन या यंत्रात जवळच तयार करावे लागते; भारतातील असे पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ मध्ये मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाले.

अर्बुदाच्या ज्या भागास प्राणवायू पोचत नाही, तेथील पेशी मारण्यास किरणांची अडीच ते तीनपट मात्रा लागते, म्हणून प्रतिमांतून मिळणाऱ्या गाठीच्या नकाशाचे खरे मोल किरणोपचारात. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या ५७१ रुग्णांवर नेदरलँड्स व बेल्जियममध्ये झालेल्या चाचणीत सबंध ग्रंथीस ७७ ग्रे देऊन, एका गटात एमआरआयत दिसलेल्या गाठीस ती मात्रा ९५ ग्रेपर्यंत वाढविली. पाच वर्षांनंतर रक्ततपासणीतही रोग न परतलेल्यांचे प्रमाण ८५ ऐवजी ९२ टक्के भरले, आणि दुष्परिणामांत लक्षणीय वाढ झाली नाही. एवढ्या मुदतीत जगणाऱ्यांच्या संख्येत फरक पडला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही ही दिशा मला योग्य वाटते.

आदिलाबादचा रुग्ण उपचारासाठी कधी नागपूर, कधी हैदराबाद गाठतो, आणि औषधाने गाठीचा कोणता भाग आक्रसला व कोणता तसाच राहिला हे जुनी आणि नवी प्रतिमा शेजारी ठेवल्यावरच कळते. कागदी अहवालावर ती तुलना होत नाही. म्हणून नातेवाइकांना आग्रहाची विनंती : पहिल्या स्कॅनची सीडी मागून घ्या, ती दप्तरात जपा आणि प्रत्येक नव्या डॉक्टरांपुढे ठेवा.