स्लॅबवर वितळणारा बर्फ

मे महिन्यात नागपूरला आईकडे गेलो की रात्री साडेदहाच्या सुमारास मी पलंगावर उभा राहतो आणि छताला तळहात टेकवतो. सूर्य मावळून जवळजवळ चार तास झालेले असतात. तरी हात फार वेळ ठेववत नाही. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, आणि वर फक्त उघडी गच्ची. "डोक्यावर तवा ठेवून झोपल्यासारखं होतं रे," आई म्हणते. खिडकीतला कूलर रात्रभर धडधडत असतो, आतल्या खोलीत एसी चालू असतो, आणि छत वरून उष्णता ओततच राहतं.

ती उष्णता नेमकी किती, हे एकदा कागद-पेन घेऊन मोजलं आणि त्या आकड्याने माझी झोपच उडवली.

एसी घेताना आपण "दीड टनाचा द्या" असं म्हणतो. हा टन यंत्राच्या वजनाचा नाही, बर्फाचा आहे. शीतगृहांच्या सुरुवातीच्या काळापासून चालत आलेलं हे माप. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ, चोवीस तासांत वितळताना ज्या वेगाने उष्णता शोषतो, तो वेग म्हणजे 'एक टन'. आजच्या भाषेत साडेतीन किलोवॅट. दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने दिवसरात्र चालला तर तो १,३६० किलो बर्फाचं काम करतो. कारखान्यातली मोठी लादी दीडशे किलोची धरली, तर अशा नऊ लाद्या झाल्या. रोज सकाळी हमालांनी नऊ लाद्या जिना चढून बेडरूममध्ये आणायच्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यांचं पाणी झालेलं असायचं. भिंतीवरचा तो पांढरा डबा हेच करतो, फक्त गाजावाजा न करता.

आता स्लॅबकडे येऊ. घर साडेपाचशे चौरस फुटांचं, म्हणजे छत साधारण ५० चौरस मीटर. मेच्या भर दुपारी दर चौरस मीटरवर सुमारे १,००० वॅट ऊन पडतं. म्हणजे आमच्या एका छतावर ५० किलोवॅट, हजार वॅटच्या पन्नास इस्त्र्या एकदम तापवत ठेवल्यासारखं. त्यातलं काही परावर्तित होतं, काही वारा नेतो. उरलेलं काँक्रीटमध्ये शिरतं आणि खाली झिरपतं. एका चौरस मीटरमधून, दोन बाजूंत एका अंशाचा फरक असताना, किती वॅट पार होतात त्या आकड्याला यू व्हॅल्यू म्हणतात. सहा इंची उघड्या आरसीसी स्लॅबची यू व्हॅल्यू साडेतीनच्या आसपास असते. तापलेली गच्ची आणि आतली खोली यांत सरासरी वीस अंशांचा फरक धरला, तर ५० गुणिले २० गुणिले ३.५ म्हणजे ३,५०० वॅट. बरोबर एक टन! दीड टनाच्या एसीतला एक टन एकट्या छतापायी जातो. भिंती, खिडक्या, फ्रिज, माणसं, सगळ्यांसाठी उरतो तो अर्धा.

केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने डिसेंबर २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. २०२४ साली ती सुधारून पुन्हा आली. २०१८च्या संहितेत छतासाठी एक आकडा आहे: यू व्हॅल्यू जास्तीत जास्त १.२. वाचताना किती किरकोळ वाटतो! पण आमच्या छताला तो लावला, तर ३,५०० वॅटचे १,२०० होतात. २,३०० वॅट उष्णता घरात येतच नाही.

त्यासाठी छत काही पाच फूट जाड करावं लागत नाही. काँक्रीट हे उष्णता अडवायला फारच कुचकामी. दोन इंच जाडीचा बांधकामाचा फोम जेवढी उष्णता अडवतो, तेवढी अडवायला काँक्रीट आठ-नऊ फूट लागेल. आठ इंची एएसी ब्लॉकची भिंत, ज्याला पुण्यात अजून कितीतरी जण सिपोरेक्स म्हणतात, ती जवळपास सहा फूट काँक्रीटच्या तोडीची. आणि आपण काय करतो आहोत? उंच इमारतींत अॅल्युमिनियमचं मायवान शटरिंग लावून पूर्ण भिंतीच काँक्रीटच्या ओततो. काम झटपट होतं हे खरं, पण ती भिंत तापली की घरात राहणाऱ्याची सुटका नाही. आजोबांच्या गावचं माळवदाचं घर आठवतं. हातभर जाड मातीची भिंत दुपारची उष्णता पोटात धरून ठेवायची आणि ती आत पोचेपर्यंत माणसं अंगणात खाटा टाकून झोपलेली असायची.

आमच्या छतातून येणाऱ्या त्या जादा २,३०० वॅटचा हिशोब मी पुढे नेला. दिवसाचे आठ तास, उन्हाळ्याचे शंभर दिवस, एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता बाहेर फेकली जाते असं धरलं. वर्षाला सहाशेहून थोडी जास्त युनिटं वाया. स्लॅब पन्नास वर्षं टिकेल, म्हणजे ३०,००० युनिटं. कोळशावरच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो, म्हणजे एकवीस टन. मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन मावतो. तीन घरांच्या उघड्या छतांमागे कोळशाची एक भरलेली वाघीण! अशी वरच्या मजल्यावरची, एसी असलेली दहा लाख घरं धरा. पन्नास वर्षांत दोन कोटी दहा लाख टन, चार-चार हजार टनांच्या पाच हजारांहून जास्त मालगाड्या. आणि ही सगळी घरं एकाच वेळी तापली, तर त्या जादा उष्णतेसाठी साडेसातशे मेगावॅट वीज हवी. अख्ख्या कोयना वीजप्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट आहे.

३० मे २०२४ रोजी देशाची विजेची मागणी २,५०,००० मेगावॅटवर गेली. सव्वाशेहून अधिक कोयना. थंडाव्याची मागणी २०१७-१८च्या तुलनेत २०३७-३८ पर्यंत आठपट होईल, असा २०१९च्या राष्ट्रीय कूलिंग आराखड्याचा अंदाज आहे.

एसीवरच्या ताऱ्यांचं गणित आपल्याकडे बऱ्यापैकी जागरूकपणे चालतं, हे मान्य करायलाच हवं. २०१८ साली ४.५ कार्यक्षमतेच्या एसीला पाच तारे होते. जुलै २०२२ पासून पाच ताऱ्यांसाठी ५.० लागू लागले आणि तोच जुना एसी चार ताऱ्यांवर उतरला. पण एसी दहा-बारा वर्षांनी बदलता येतो. एका स्लॅबखाली चार-पाच एसी येऊन जातील, प्रत्येक आधीच्यापेक्षा काटकसरी, आणि प्रत्येकाला त्याच तव्याशी झुंजावं लागेल. म्हणून मला घराची संहिता यंत्राच्या ताऱ्यांपेक्षा जास्त तातडीची वाटते. भिंती-खिडक्यांतून येणाऱ्या उष्णतेला २०१८च्या संहितेने चौरस मीटरला १५ वॅटची मर्यादा घातली, आणि पुढे १२ वर जायचा मानसही तिथेच नोंदवला. वीस मीटर बाय वीस मीटरच्या चौदा मजली इमारतीत हा तीन वॅटचा फरक दहा किलोवॅटचा होतो, रोज जवळपास तीन टन बर्फाचा.

कायदाही पुढे सरकला आहे. २०२२च्या दुरुस्तीने ऊर्जा संवर्धन कायद्याखाली निवासी इमारतीही आल्या, पण १०० किलोवॅट किंवा त्याहून अधिक जोडभाराच्या. आईच्या इमारतीत आठ घरं. प्रत्येकी पाच किलोवॅट धरले तरी चाळीस होतात. नागपूर, अकोला, जळगाव, परभणीच्या गल्ल्यांत उभ्या राहणाऱ्या बहुतेक इमारती अशाच, मर्यादेच्या खाली. सगळ्यात कडक ऊन त्यांच्याच वाट्याला येतं.

गेल्या खेपेला समोरच्या प्लॉटवर स्लॅब पडत होता. सकाळी सातला मिक्सर सुरू झाला, संध्याकाळी सहाला थांबला. अकरा तासांत पन्नास वर्षांचं छत तयार. मी जाऊन सुपरवायझरला विचारलं, वर इन्सुलेशनचं काही? "वॉटरप्रूफिंगला कोबा होईल ना साहेब, वर चायना चिप्स. बाकी नकाशात काही नाही." पांढऱ्या चिप्सनेही थोडा फरक पडेल, तेवढं तरी बरं. दुसऱ्या दिवशी त्यांनी क्युरिंगसाठी स्लॅबवर आळी बांधून पाणी भरलं. आई गॅलरीतून बघत होती. दुपारी दोन वाजता, ४४ अंशांत, त्या पाण्यात एक कावळा उतरून पंख भिजवत होता.