हार चढला की गच्छंती

१९८२च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या वुड्स होल इथे टिम हंट सी अर्चिन या काटेरी सागरी प्राण्याची फलित अंडी तपासत होते. एक प्रथिन हळूहळू साठायचं आणि पेशी दुभंगताना एकाएकी नाहीसं व्हायचं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच! हे सायक्लिन. पेशीच त्याची मोडतोड करते. पण हजारो प्रथिनांतून नेमकं हेच कसं सापडतं? खूण त्याच्याच अंगावर असते: आर्जिनिन, मग कोणतीही दोन अमिनो आम्लं, मग ल्युसिन. हा ‘डी-बॉक्स’चा गाभा. एपीसी नावाचं भलंमोठं संकुल ही खूण हेरून प्रथिनावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची माळ चढवतं (बळीच्या बोकडाला हार घालावा तशी) आणि प्रोटिएसोम हे प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे पाडतं.

नुसती खूण असून भागत नाही, वेळही यावी लागते. एक जरी गुणसूत्र त्याला ओढून नेणाऱ्या तर्कूच्या धाग्यांना जोडायचं राहिलं, तरी एपीसीचा मदतनीस सीडीसी२० अडवून धरला जातो. शेवटचं जोडलं गेलं, की सायक्लिनसोबत सिक्युरिन हे प्रथिनही संपतं. त्याने दाबून ठेवलेलं सेपरेज हे विकर मोकळं होतं आणि गुणसूत्रांच्या जुळ्या प्रतींना बांधणारी कडी कापतं.

हंट २००१च्या वैद्यक नोबेलचे एक मानकरी. युबिक्विटिनचा माग काढणाऱ्या तिघांना २००४चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.