बदली कर्णधार

पेढीचा मालक गावात असेतोवर मुनीमाची खरी पारख होत नाही. मालक दूर गेला आणि त्याच सुमारास मोठी खोट आली, म्हणजे मागे राहिलेला माणूस कळतो. डोंबिवलीत मॅटिंगच्या खेळपट्टीवर क्रिकेटचे पहिले धडे गिरवलेल्या अजिंक्य रहाणेच्या वाट्याला असेच दिवस आले.

१९ डिसेंबर २०२० रोजी ॲडलेडच्या कसोटीत भारताचा दुसरा डाव अवघ्या ३६ धावांत आटोपला. कर्णधार विराट कोहली अपत्यजन्मासाठी मायदेशी परतला आणि उरलेल्या तीन कसोट्यांची धुरा उपकर्णधार रहाणेकडे आली. मेलबर्नला त्याने ११२ धावा केल्या. रवींद्र जडेजा ४९ धावांवर असताना त्याच्या अर्धशतकाची धाव घेताना रहाणे धावबाद झाला. संतापाचा अवाक्षरही न काढता त्याने खजील जडेजाला धीर दिला आणि मगच तंबूची वाट धरली. जडेजाने अर्धशतक पुरे केले. सामना भारताने आठ गडी राखून जिंकला.

फुटबॉलची नियमावली कर्णधाराला कोणताही विशेष दर्जा वा सवलत देत नाही. संघाच्या वर्तनाची काही जबाबदारी तेवढी त्याच्यावर टाकते. क्रिकेटमध्ये गोलंदाज बदलणे, क्षेत्ररचना करणे असे अधिकार पुष्कळ. म्हणून निवड करताना नजर डावपेचांवर खिळते आणि वर्तनाची बाजू मागे पडते. सिडनीला प्रेक्षकांनी मोहम्मद सिराजला वर्णद्वेषी शिवीगाळ केली. दौऱ्यावर असतानाच वडिलांना गमावलेला हा नवखा गोलंदाज. रहाणेने पंचांकडे तक्रार नेली. मैदान सोडण्याचा पर्याय मात्र त्याने नाकारला. चूक आपली नाही, तर आपण खेळणार, ही त्याची भूमिका होती. ब्रिस्बेनला बुमराह, अश्विन, जडेजा तिघेही जायबंदी. तिथे सिराजनेच दुसऱ्या डावात पाच बळी घेतले आणि १९ जानेवारी २०२१ रोजी ३२८ धावांचे लक्ष्य गाठून भारताने मालिका जिंकली. त्या मैदानावर ऑस्ट्रेलिया १९८८ नंतर प्रथमच कसोटी हरला.

कोहली परतताच रहाणे पुन्हा उपकर्णधार झाला. एकूण सहा कसोट्यांत त्याने भारताचे नेतृत्व केले: चार विजय, दोन अनिर्णित, पराभव एकही नाही. तरीही बॅट थंडावल्यावर आधी उपकर्णधारपद गेले, मग संघातील जागाही. हे कठोर वाटले तरी न्याय्यच होते. नेतृत्व चांगले म्हणून धावांची बाकी माफ होत नसते.

पुढे त्याच्याच नेतृत्वाखाली मार्च २०२४ मध्ये मुंबईने ४२ वा रणजी करंडक जिंकला. ऑगस्ट २०२५ मध्ये, नवा कर्णधार घडवण्याची हीच वेळ आहे असे सांगून, त्याने मुंबईचे कर्णधारपद स्वतःहून सोडले. खेळणे मात्र सोडले नाही. गादी रिकामी करूनही दुकानात रोज येणारे वडीलधारे आपल्याकडे किती निघतील, हे ज्याने त्याने मोजावे. नव्या हंगामात शार्दूल ठाकूर कर्णधार झाला आणि रहाणे त्याच्या हाताखाली फलंदाज म्हणून मैदानात उतरला.