आईची विचारपूस कोण करणार?

रत्नागिरीच्या मोहल्ल्यांत अशी एखादी आई भेटतेच, जी कुणाच्या लग्नाला जात नाही. गेलीच तर जेवणाआधी परतते. लाउडस्पीकर सुरू झाला की तिचे मूल कान दाबून ओरडू लागते आणि बायका मुलाकडे नाही, आईकडे पाहतात. ‘लाडानं बिघडवलंय.’ ‘हातात मोबाइल देऊन बसते.’ ‘नजर लागलीय, दम करून आण.’

हे फक्त कमी शिकलेलेच बोलतात असे समजू नये. अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ऑटिझमचे सविस्तर वर्णन केले. त्यानंतर कितीतरी वर्षे तिकडचे मोठमोठे तज्ज्ञ ‘आईने माया केली नाही’ असेच सांगत राहिले. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञांनी पुस्तक लिहून हा आरोप खोडून काढला. ते स्वतः अशा मुलाचे वडील होते. ऑटिझम हा मेंदूच्या वाढीतला फरक आहे, आईच्या वागण्याने तो होत नाही. तिकडे कधीच मोडीत निघालेला आरोप आपल्या पडवीत मात्र अजून चालू आहे.

आपल्या कोकणी घरांत आणखी एक गोष्ट असते. नवरा कुवेत-कतारला. रोज फोन येतो, पैसेही येतात, पण रात्री दोन वाजता उठून बसलेल्या मुलाला सांभाळायला तो नसतो. अशा बऱ्याच मुलांना झोप कमी असते, म्हणजे आईलाही. सकाळी पुन्हा स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या. स्वतःची दुखरी पाठ दाखवायला जाणे महिनोन्‌महिने राहून जाते. ‘कशी आहेस?’ विचारले तर ती मुलाचेच सांगते.

रमजानमध्ये तर सहेरी, इफ्तार, तरावीह, घराच्या सगळ्या वेळा बदलतात आणि रोजचा क्रम मोडला की मूल बिथरते. ईदचे नवे कपडे त्याला टोचतात. ‘सब्र कर’ म्हणणारे पुष्कळ. ‘तू नमाज पढ, मी बसते त्याच्याजवळ’ म्हणणारी नणंद एखादीच. आम्हाला ती नणंद प्रत्येक घरात हवी आहे. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, दोन तास. मात्र आधी काही दिवस आईसोबत बसून तिने मूल ओळखून घ्यावे. ते काय खाते, कशाला घाबरते, कशाने शांत होते. अनोळखी माणसाजवळ मूल एकदम सोडले तर दोघांचेही हाल.

कागदपत्रांचे काम बापाने घ्यावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड, मग नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना, ज्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत खर्च मिळतो आणि थेरपीही धरली जाते. यासाठी खेपा पडतात. सुट्टीवर आल्यावर घराचा स्लॅब आणि पाहुण्यांच्या दावती यांतून तेवढे दिवस काढता येतात.

आणि त्याच सुट्टीत दोन रात्री मुलाला बापाने सांभाळावे. तिला माहेरी जाऊन नुसते झोपू द्यावे, आणि फोन करून ‘याचं औषध कुठं ठेवलंय?’ विचारू नये.